कॉमन काढल्यावर कंसात काय उरतं ते बघा

ताई, पुढे वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिला ३^(क्ष+२) − ३^क्ष = २१६ हे समीकरण आलं होतं. (इथे टाइप करताना घात वर चढवता येत नाही, म्हणून ^ हे चिन्ह वापरतोय. ३^क्ष म्हणजे पाया ३, घातांक क्ष.) दोन्हीकडे पाया सारखाच, म्हणून तिने घातांकांची वजाबाकी केली. ३^२ = २१६, म्हणजे ९ = २१६ असं आलं आणि ती थांबली. नोट्समध्ये "३^क्ष कॉमन काढून ३^क्ष (९ − १) = २१६, म्हणून क्ष = ३" एवढी एकच ओळ आहे. उत्तर पटतं, पण कॉमन काढायचं हे सुचावं कशावरून, आणि ४^क्ष − १०×२^क्ष + १६ = ० या पुढच्याच गणितात तसं कॉमन काढून काहीच का हाती लागत नाही, हा तुमचा प्रश्न.

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला गणित शिकवतो आणि हा प्रश्न दर वर्षी जुलै-ऑगस्टात समोर येतो. दहावीला चांगले गुण घेऊन आलेली मुलंही इथे अडतात. तेव्हा मुलीचं गणित कच्चं आहे असा अर्थ काढू नका. तिला नियम येतात. फक्त ज्या कामासाठी ते नियम नाहीत, तिथे ते लावले गेले.

घातांकांचे सगळे नियम एकदा डोळ्यांसमोर आणा. पाया सारखा असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज, भागाकारात वजाबाकी, घाताचा घात घेतला तर घातांकांचा गुणाकार. यातला प्रत्येक नियम गुणाकार-भागाकाराचा आहे. दोन घातांच्या बेरजेचा किंवा वजाबाकीचा एकही नियम या यादीत नाही, कारण तसा नियम नाहीच. सातवी-आठवीत घातांकांचा धडा होतो, नियम पाठ होतात, पण या यादीत काय नाही हे मुलांना वेगळं सांगितलं जात नाही. मग भागाकाराचा नियम वजाबाकीला लागतो. पटवायचं असेल तर आकडे घालूनच पटवा. ३^५ − ३^३ म्हणजे २४३ − २७, म्हणजे २१६. आणि ३^५ ÷ ३^३ म्हणजे २४३ ÷ २७, म्हणजे ९. मुलीला जे ९ मिळाले ते भागाकाराचं अगदी बरोबर उत्तर आहे. गणितात विचारली होती वजाबाकी.

आता यातूनच पुढची वाट निघते. आपल्या हातातले नियम फक्त गुणाकारावर चालतात आणि समीकरणात आहे वजाबाकी. म्हणजे आधी वजाबाकीचं रूपांतर गुणाकारात करायला हवं. बेरीज-वजाबाकीचा गुणाकार करण्याचं बीजगणितातलं साधन एकच, अवयव पाडणं. कॉमन काढणं हा त्याचा सगळ्यात साधा प्रकार. त्यामुळे "हे सुचावं कसं" याचं माझं उत्तर असं: घात असलेल्या पदांमध्ये अधिक किंवा वजा दिसलं की अवयव पाडण्यावाचून बहुतेक वेळा दुसरा मार्गच नसतो. सुचण्याची वाट बघायची नाही, ते करायचंच असतं. प्रश्न उरतो तो कसे पाडायचे एवढाच.

नोट्समध्ये जी पायरी गाळली आहे, ती खरी महत्त्वाची. ३^(क्ष+२) = ३^क्ष × ३^२ = ९ × ३^क्ष. मुलांना अ^म × अ^न = अ^(म+न) हा नियम डावीकडून उजवीकडे येतो: दोन घात गुणिले की घातांक मिळवायचे. उजवीकडून डावीकडे, म्हणजे घातांकातली बेरीज दिसली की घात फोडून दोन गुणक करायचे, ही सवय नसते. वर्गात मी पहिला तास फक्त हेच करून घेतो. ५^(क्ष+१) म्हणजे? ५ × ५^क्ष. २^(क्ष−३) म्हणजे? २^क्ष ÷ ८. ७^(२क्ष+१) म्हणजे? ७ × ७^(२क्ष), किंवा ७ × ४९^क्ष. हे तोंडावर आलं की निम्मं काम झालं.

फोडल्यावर समीकरण होतं: ९ × ३^क्ष − ३^क्ष = २१६. आता ३^क्ष कडे भीतीने न बघता एक वस्तू म्हणून बघायचं. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सारख्या वजनाचे नऊ रवे आहेत, एकाचं वजन माहीत नाही, त्यातला एक रवा उचलून बाजूला ठेवला आणि उरलेल्यांचं वजन २१६ किलो भरलं. उरले आठ रवे, एक २७ किलोचा. ३^क्ष = २७ = ३^३, म्हणून क्ष = ३. ९ − १ चं ८ करताना घातांकाचा कुठलाही नियम लागला नाही, साधी मोजणी झाली. नियम लागला तो फक्त आधी फोडताना आणि शेवटी २७ ला ३^३ लिहिताना.

पदं तीन-चार असली की पुढचा प्रश्न येतो, कॉमन कोणता घात काढायचा? २^(क्ष+१) + २^क्ष + २^(क्ष−२) = १०४ घ्या. २^क्ष काढला तर कंसात २ + १ + १/४ उरतं. चूक काही नाही, १३/४ × २^क्ष = १०४, म्हणून २^क्ष = ३२, क्ष = ५. पण अपूर्णांक आला की घाईत गडबड होते. सगळ्यात लहान घातांकाचा घात, म्हणजे २^(क्ष−२), काढला तर कंसात ८ + ४ + १ = १३ उरतं; २^(क्ष−२) = ८, म्हणून क्ष − २ = ३, क्ष = ५. मसावि काढताना प्रत्येक मूळ अवयवाचा लहानात लहान घात घेतो, तेच इथे. मुलीला मसावि नक्की येत असेल, तो धागा जोडून द्या.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येतो, कारण खरी गोम तिथे आहे. ४^क्ष − १०×२^क्ष + १६ = ० मध्ये ४^क्ष म्हणजे (२^क्ष)^२. २^क्ष कॉमन काढला आणि १६ पलीकडे नेले तर येतं: २^क्ष (२^क्ष − १०) = −१६. पहिल्या गणितात कॉमन काढल्यावर कंसात नुसती संख्या उरली होती, ८. त्या ८ ने भागलं आणि अज्ञात मोकळं झालं. इथे कंसातही अज्ञात शिल्लक आहे. दोन अज्ञात गोष्टींचा गुणाकार −१६ आहे एवढ्याने त्या गोष्टी कोणत्या हे कळत नाही. २ आणि −८ असतील, १ आणि −१६ असतील, १/२ आणि −३२ही असतील. म्हणून पाऊल चुकीचं नाही, पण त्यातून पुढे रस्ता नाही.

गुणाकारातून माहिती मिळते ती शून्य असताना. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यातली निदान एक शून्य असलीच पाहिजे. बाकी कुठल्याही संख्येला हा गुण नाही. म्हणून कंसात अज्ञात उरणार असेल तर सगळी पदं एका बाजूला आणायची, दुसरीकडे शून्य ठेवायचं, आणि पूर्ण राशीचे अवयव पाडायचे. २^क्ष = य धरा: य^२ − १०य + १६ = ०. हे दहावीचं वर्गसमीकरण. (य − २)(य − ८) = ०, म्हणून य = २ किंवा ८, म्हणजे क्ष = १ किंवा ३. ताळा: क्ष = १ ला ४ − २० + १६ = ०, क्ष = ३ ला ६४ − ८० + १६ = ०. दोन्ही बसतात.

हे दोन प्रकार आधीच ओळखता येतात का? येतात. घातांकांमधला फरक बघायचा. क्ष+२ आणि क्ष यांच्यातला फरक २, ठराविक संख्या. कॉमन काढल्यावर कंसात संख्याच उरणार. २क्ष आणि क्ष यांच्यातला फरक क्ष, तो स्वतःच अज्ञात. कंसात अज्ञात उरणार, म्हणून वर्गसमीकरणाची तयारी ठेवायची. गणित पुस्तकातल्या कुठल्या धड्यात आहे यावरून ओळखू नका, परीक्षेत धड्याचं नाव लिहिलेलं नसतं.

वर्गसमीकरणाच्या प्रकारात मुलं कुठे घसरतात ते जरा सविस्तर सांगतो, कारण उत्तरपत्रिकांमध्ये त्याच त्या गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, २^(२क्ष+१) सारखं पद. २^(२क्ष+१) − ९×२^क्ष + ४ = ० मध्ये बरीच मुलं पहिलं पद य^२ + १ असं लिहितात. घातांकातली बेरीज घाताच्या बाहेर आली की गुणाकार होते, म्हणून ते २य^२ आहे. २य^२ − ९य + ४ = (२य − १)(य − ४). य = ४ वरून क्ष = २, आणि य = १/२ वरून क्ष = −१. इथे काही मुलं १/२ सोडून देतात, "दोनचा घात अर्धा कसा असेल" म्हणून. ऋण घातांक शिकलेले असतात पण ऐन वेळी आठवत नाहीत. क्ष = −१ घालून बघा: १/२ − ९/२ + ४ = ०.

दुसरी गोष्ट याच्या उलट. ९^क्ष − ६×३^क्ष − २७ = ० मधून (य − ९)(य + ३) = ० मिळतं. य = ९ वरून क्ष = २. य = −३ मात्र टाकून द्यायचं, कारण ३^क्ष कधीच ऋण होत नाही. क्ष मोठा ऋण घेतला तर ३^क्ष लहान लहान होत जातो, १/३, १/९, १/२७, पण शून्यावरही येत नाही, मग खाली जाण्याचा प्रश्नच नाही. उत्तरात "३^क्ष > ० असल्याने य = −३ ग्राह्य नाही" हे वाक्य लिहायला लावा. पायऱ्यांना गुण असतात तिथे या वाक्याला किंमत असते, आणि गुण बाजूला ठेवले तरी उत्तर का सोडलं हे सांगता आलं पाहिजे.

तिसरी गोष्ट, गुणक पायात घुसवणं. ३ × २^क्ष ला ६^क्ष लिहिणं, २ × २^क्ष ला ४^क्ष लिहिणं. पाया गुणता येतो तो दोन्हींचा घातांक सारखा असेल तेव्हाच: ३^क्ष × २^क्ष = ६^क्ष. सुट्या ३ चा घातांक १ आहे, क्ष नाही.

कधी कधी वर्गसमीकरण लपलेलं असतं. ३^क्ष + ३^(३−क्ष) = १२ बघा. इथे घातांक क्ष आणि ३ − क्ष. ३^(३−क्ष) म्हणजे २७ ÷ ३^क्ष. य धरलं की य + २७/य = १२; य ने गुणलं की य^२ − १२य + २७ = ०, (य − ३)(य − ९) = ०, क्ष = १ किंवा २. य ने बिनधास्त गुणता आलं कारण ३^क्ष शून्य नसतो.

या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबतो, कारण बारावीपर्यंत ते उपयोगी पडणार आहे. २^क्ष, ३^क्ष, ई^क्ष (ई म्हणजे सुमारे २.७१८ ही स्थिर संख्या) अशा पदांनी समीकरणाच्या दोन्ही बाजूंना भागायला हरकत नाही, कारण ती कधीच शून्य नसतात. पण अज्ञात पायात असेल तर ही मुभा नाही. क्ष^५ = ९क्ष^३ मध्ये दोन्हीकडून क्ष^३ उडवलं की क्ष^२ = ९, क्ष = ३ किंवा −३, आणि क्ष = ० ही उकल हरवली. भागायचं नाही, एका बाजूला आणून अवयव पाडायचे: क्ष^३ (क्ष^२ − ९) = ०, तिन्ही उकली समोर. बारावीत क्ष^२ ई^क्ष या फलाचं विकलज (डेरिव्हेटिव्ह) काढून शून्याबरोबर ठेवायला सांगतात तेव्हा दोन्ही गोष्टी एकत्र येतात: २क्ष ई^क्ष + क्ष^२ ई^क्ष = ०, म्हणजे क्ष ई^क्ष (२ + क्ष) = ०. ई^क्ष कडून काही मिळत नाही, क्ष कडून ० आणि कंसाकडून −२. ज्या मुलांनी अकरावीत अवयव पाडायची सवय लावली त्यांना तिथे विचारच करावा लागत नाही.

पाया दोन वेगवेगळे असले तर? इथे सरसकट उत्तर नाही, गणित कसं रचलंय यावर आहे. चार पदं असतील तर दोन-दोनचे गट पाडून बघावेत. ६^क्ष − २७×२^क्ष − ४×३^क्ष + १०८ = ० मध्ये ६^क्ष म्हणजे २^क्ष × ३^क्ष. पहिल्या दोन पदांतून २^क्ष काढा: २^क्ष (३^क्ष − २७). उरलेल्या दोनांतून −४ काढा: −४ (३^क्ष − २७). म्हणजे (३^क्ष − २७)(२^क्ष − ४) = ०, क्ष = ३ किंवा २. अज्ञात घातांकात असून शिवाय सुटा गुणक म्हणूनही आला तरी हीच रीत: क्ष × २^क्ष − ५×२^क्ष − ८क्ष + ४० = ० याचे अवयव (क्ष − ५)(२^क्ष − ८), उकली ५ आणि ३.

दुसरी रचना ३×४^क्ष − ५×६^क्ष + २×९^क्ष = ० अशी असते. ४, ६, ९ दिसले की २^क्ष = अ आणि ३^क्ष = ब धरा: ३अ^२ − ५अब + २ब^२ = (३अ − २ब)(अ − ब). अ = ब म्हणजे २^क्ष = ३^क्ष, हे फक्त क्ष = ० ला. ३अ = २ब म्हणजे (२/३)^क्ष = २/३, क्ष = १. बरेच शिक्षक ९^क्ष ने भागून करतात, तेही उत्तम आहे. मला अवयवांची रीत जास्त आवडते, कारण आठवीतच शिकलेल्या द्विघाती अवयवांचा इथे थेट उपयोग दिसतो.

आतापर्यंतचं एका दमात: अधिक-वजा दिसलं की घात फोडा, घातांकांचा फरक ठराविक असेल तर लहान घात कॉमन काढा, कंसात संख्या उरेल, फरक अज्ञात असेल तर सगळं शून्याबरोबर आणून अवयव पाडा, २^क्ष सारख्या पदाने भागा, पण क्ष ने भागू नका.

एक वेगळा प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण स्पर्धा परीक्षांत तो येतो आणि त्यात अवयवांचं सौंदर्य सगळ्यात स्वच्छ दिसतं. म आणि न या धन पूर्ण संख्या आहेत आणि २^म − २^न = २०१६. समीकरण एक, अज्ञात दोन. नेहमीच्या हिशेबाने हे सुटायला नको. पण २^न कॉमन काढा: २^न (२^(म−न) − १) = २०१६. म हा न पेक्षा मोठाच असणार, म्हणून कंसातली संख्या विषम: दोनचा घात सम, त्यातून एक गेला. म्हणजे २०१६ मधले सगळेच्या सगळे २ बाहेरच्या २^न मध्ये असले पाहिजेत. २०१६ = ३२ × ६३. म्हणून २^न = ३२, न = ५; आणि २^(म−न) = ६४, म − न = ६, म = ११. ताळा, २०४८ − ३२ = २०१६. मघाशी म्हणालो की गुणाकार शून्य नसेल तर माहिती मिळत नाही. पूर्ण संख्यांची अट असेल तर मिळते, कारण संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. अटी बदलल्या की रस्ताही बदलतो, म्हणून गणितातलं "पूर्ण संख्या", "वास्तव संख्या" हे शब्द मुलीला अधोरेखित करायला सांगा.

आता ही रीत कुठे थांबते तेही सांगायला हवं. ३^(क्ष+२) − ३^क्ष = १०० असतं तर? कॉमन निघतो, ३^क्ष = १२.५ येतं, पण १२.५ हा ३ चा सरळ घात नाही. अवयवांचं काम इथे संपलं, पुढे लॉगॅरिदम घ्यायचा: क्ष = लॉग १२.५ ÷ लॉग ३, सुमारे २.२९९. ३^२ = ९ आणि ३^३ = २७ यांच्या मध्ये १२.५ पडतो, त्यामुळे उत्तर २ आणि ३ च्या मध्ये हवं हा अंदाज आधीच बांधून ठेवावा. आणि २^क्ष + ३^क्ष = १३ मध्ये तर अवयव पडतच नाहीत. क्ष = २ हे बघताच दिसतं, पण "दिसलं" एवढं पुरत नाही. डावी बाजू क्ष वाढला की सतत वाढते, म्हणून ती १३ एकदाच होऊ शकते, हे लिहिलं की उत्तर पुरं झालं. अशा गणितावर अर्धा तास अवयव शोधत बसणारी मुलं मी बघतो तेव्हा वाईट वाटतं. मेहनत असते, पण कुठे थांबायचं हे कुणी सांगितलेलं नसतं.

किती खोलात जायचं हे मुलीची परीक्षा कोणती यावर आहे. नुसती कॉलेजची अकरावीची परीक्षा असेल तर पहिले दोन प्रकार पक्के झाले तरी पुरे. सीईटीसारख्या पर्यायांच्या परीक्षेत पर्याय समीकरणात घालून बघणं हा वेळ वाचवणारा मार्ग आहे, आणि तो वापरण्यात कमीपणा नाही. पण दोन उकली असतील तर त्यांची बेरीज विचारतात, तिथे पर्याय घालून भागत नाही. जेईईची तयारी असेल तर दोन पायांची आणि पूर्ण संख्यांची गणितंही करावीत. अज्ञात पायातही आणि घातांकातही असलेली, म्हणजे (क्ष−२)^(क्ष^२−९) = १ सारखी, गणितं त्यानंतर. तिथे घातांक शून्य, पाया १, पाया −१ आणि घातांक सम, अशा तिन्ही शक्यता तपासाव्या लागतात. इथे क्ष ३, −३ आणि १ येतो.

सरावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. एका बैठकीत तीस गणितं उरकण्यापेक्षा एक गणित घरातल्या फळ्यावर लिहून ठेवा आणि ते सुटेपर्यंत पुसू नका. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ मधला, आपल्या कोल्हापुरातला. बनारसला ते लहान असताना त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार घरच्या फळ्यावर एखादं आव्हानाचं गणित लिहीत आणि सुटेपर्यंत ते तिथेच राहू देत. जाता-येता गणित डोळ्यांपुढे राहतं, मग कधी तरी कॉमन काय काढायचा ते आपसूक दिसतं. सोडवून दाखवायची घाई मात्र तुम्ही करू नका. अडली तर फक्त विचारा, "कंसात काय उरलं?"

फळ्यासाठी ही घ्या, सोपं ते अवघड या क्रमाने.

५^(क्ष+१) + ५^(क्ष−१) = १३०

९^क्ष + ३^क्ष = ९०

४^क्ष − ३×२^(क्ष+१) + ८ = ०

क्ष^३ × ५^क्ष = ४क्ष × ५^क्ष

१५^क्ष − २५×३^क्ष − ३×५^क्ष + ७५ = ०

आणि म, न धन पूर्ण संख्या असतील तर ३^म − ३^न = ६४८

उत्तरं देत नाही, कारण प्रत्येकाचा ताळा तिला स्वतः करता येतो. चौथ्यात किती उकली मिळाल्या ते मोजा. दोनच मिळाल्या तर कुठे तरी क्ष ने भागलं गेलंय. शेवटच्यात कंसातल्या संख्येला ३ ने भाग जाईल का, हा प्रश्न तिला आधी विचारा. तरी अडलंच, तर तिने जिथवर केलं असेल तिथवरच्या पायऱ्या इथे लिहा, तिथून पुढे बघू.